बेंच आले, आता बारचे काम

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (अजून कायम नसलेले खंडपीठ) कोल्हापुरात बसू लागले. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत पुन्हा वर्दळ सुरू झाली, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ लावून धरलेली मागणी पुरी झाली. चंदगड-आजऱ्याकडचा शेतकरी एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचा, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, त्याचा नंबर यायचा नाही, आणि लॉजचे भाडे भरून तो तसाच माघारी यायचा. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना बेंचचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या लढ्याने वकिलांच्या दोन पिढ्या घडवल्या. ठराव, निवेदने, सहा जिल्ह्यांच्या एकत्र बैठका, उपोषणे, कामकाजापासून अलिप्त राहण्याचे निर्णय, पुन्हा ठराव. खंडपीठ हा शब्द नसलेली जनरल बॉडी क्वचितच झाली असेल. आपसांत कितीही गट असले तरी त्या विषयावर सगळे एका बाकावर येत. आता तो विषय बराचसा सुटला आहे, आणि वकिलांच्या संघटनेने, म्हणजे बारने, उद्यापासून करायचे काय, हा प्रश्न कोल्हापूरच्या बारपुढे पहिल्यांदाच इतक्या स्वच्छपणे उभा आहे. माझे मत स्पष्ट आहे. बारमधले पुढारपण यापुढे रोजच्या कामावरून जोखले पाहिजे: कोणाच्या फायली सांभाळल्या, कोणत्या ज्युनिअरला उभे केले, पुराच्या वेळी टेबल कुठे मांडले, हिशेब वेळेत दिला की नाही. मोर्चात पुढे चालण्यापेक्षा हे काम किचकट आहे आणि त्याचे फोटो निघत नाहीत.

बेंचचा विषय पूर्ण संपलाही नाही. सर्किट बेंच १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली आले आहे. त्या पोटकलमाखाली राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती बैठकीचे ठिकाण ठरवतात. कायम खंडपीठ कलम ५१(२) खाली येते आणि त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट अशीच होती: २७ ऑगस्ट १९८१ पासून ५१(३) खाली कामकाज, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून त्या निर्णयावर शिक्कामोर्तब, आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ. म्हणजे कोल्हापूरला अजून एक पायरी चढायची आहे, आणि ती काम दाखवून चढायची आहे. इथे एक द्विसदस्यीय पीठ आणि दोन एकल पीठे अशी सुरुवात झाली. त्यांच्यापुढे नीट तयार केलेली प्रकरणे येतात का, तारखा मागण्यातच दिवस जातो का, ऑफिस ऑब्जेक्शन्स (कार्यालयाने काढलेल्या त्रुटी) मुदतीत दूर होतात का, यावरून पुढच्या मागणीला वजन येणार आहे.

जिल्हा न्यायालयात तीस वर्षे उत्तम काम केलेल्या वकिलालाही रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज, नवे असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ यांतला फरक, सारांश आणि तारखांची यादी, सलग पृष्ठांकन, अनुक्रमणिकेशी जुळणारी परिशिष्टे, या गोष्टी कोणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय हातात येत नाहीत. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, आणि आपले सात-बारा, फेरफार, जबाब, रोजनामे मराठीत. त्यामुळे महसुली मराठीचे नेमके भाषांतर करणारी माणसे तयार करणे हेही बारचेच काम. दुसऱ्या अपिलात तर चूक बहुतेक वेळा जिल्हा न्यायालयातच होते. उच्च न्यायालयात दुसरे अपील दाखल करायला ९० दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज दिल्यापासूनचेच. निकाल लागला त्या दिवशी अर्ज दिला नाही आणि पक्षकार चार महिन्यांनी उगवला, की विलंबमाफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागते. ‘निकालाच्या दिवशी नकलेचा अर्ज’ असा छापील कागद बार रूमच्या फळ्यावर लावला तरी बऱ्याच अपिलांचे भले होईल.

आता जे काम मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

एखादा वकील अचानक जातो. ग्रुपवर बातमी येते, शोकसभा होते, दोन-चार जण आठवणी सांगतात. पुढच्या सोमवारी त्याच्या पक्षकारांच्या तारखा असतात. एकट्याने वकिली करणाऱ्याच्या फायली तीन-चार ठिकाणी विखुरलेल्या असतात: घरच्या कपाटात, कोर्टातल्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये, कारकुनाकडे, टायपिस्टकडे. त्यांत मूळ खरेदीखते असतात, मृत्युपत्रे असतात, न वटलेले धनादेश असतात. घरच्या माणसांना त्यातले काही कळत नाही, आणि दारात पक्षकार येऊन उभे राहतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३, नियम ४ प्रमाणे वकिलाच्या मृत्यूबरोबर वकीलपत्र संपते. म्हणजे त्या क्षणापासून पक्षकार कोर्टात एकटा असतो, आणि बहुतेकांना हे ठाऊकही नसते.

बारने इथे काय करावे, ते ठरावाच्या रूपाने लिहून ठेवण्याजोगे आहे. घरच्यांची लेखी संमती घेऊन आठवड्याच्या आत दोन वकील नेमावेत. दोघांपैकी कोणीही मृत सहकाऱ्याच्या कोणत्याही प्रकरणात विरुद्ध बाजूला नसावा. जे फायलींची यादी करतील त्यांनी त्या प्रकरणांत स्वतः वकीलपत्र घ्यायचे नाही, ही अट पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. ही अट नसली की चांगल्या हेतूने सुरू झालेले काम पक्षकार पळवल्याच्या आरोपात अडकते आणि पुढच्या वेळी कोणी पुढे येत नाही. मग डायरी हातात घ्यावी. डायरी अपुरी असेल तर ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने शोध घेतला की चालू प्रकरणांची यादी मिळते. नावाचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावे, कारण जुन्या नोंदी वेगवेगळ्या कारकुनांनी केलेल्या असतात.

यादी हातात आली की आधी तारखा बघायच्या नाहीत, मुदती बघायच्या. तारखेला वकील नाही म्हणून कोर्ट सहसा एक संधी देते; मुदत तशी थांबत नाही. धनादेशाच्या प्रकरणात बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस असतात, आणि त्यानंतर महिनाभरात फिर्याद दाखल व्हावी लागते. अशी एखादी फाईल गठ्ठ्याच्या तळाशी राहिली तर विलंबाचे कारण कोर्टाला पटवण्याचे ओझे त्या गरीब पक्षकारावर येते. अपिलाची मुदत चालू असलेली प्रकरणेही याच गटातली. ती बाजूला काढून त्या पक्षकारांना त्याच दिवशी फोन करावा. बाकीच्यांसाठी पुढच्या ३० दिवसांच्या तारखांची कोर्टवार यादी करून प्रत्येक कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) द्यावी की वकील मयत झाले आहेत, पक्षकाराला नवा वकील नेमण्यास वेळ मिळावा. मूळ कागदपत्रांची यादी तीन प्रतींत करावी: एक घरच्यांकडे, एक बारकडे, एक पक्षकाराला. कागद परत देताना ओळखपत्राची प्रत आणि सही घ्यावी. भाऊबंदकीच्या दाव्यात तर खास जपावे, कारण वकीलपत्र एकाचे असते आणि खरेदीखत मागायला दुसराच भाऊ येतो. फीच्या बाकीत मात्र पडू नये. तो हिशेब घरचे आणि पक्षकार यांच्यातला.

याच वेळी कल्याण निधीचा अर्ज भरून द्यावा. महाराष्ट्रात १९८१ च्या वकील कल्याण निधी कायद्याखाली वकीलपत्रावर जे कल्याण निधीचे तिकीट लागते, तो पैसा याचसाठी असतो. पण दिवंगत वकील निधीचा सभासद होता का, वर्गणी चालू होती का, वारस म्हणून कोणाचे नाव दिले होते, हे घरच्यांना सांगता येत नाही. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचे नाव असते आणि पुढे ते कोणी बदललेले नसते. बारने वर्षातून एकदा, ओळखपत्र नव्याने देतानाच, प्रत्येक सभासदाकडून वारसाची माहिती तपासून घेतली तर ही धावपळ वाचते.

ज्युनिअरांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. कोल्हापूरचे नाव घेतले की शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्याची आठवण निघते, आणि निघावीच. आज शहाजी लॉ कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात आधी कोणी वकील नसतो. त्यांच्याकडे ऑफिस नसते, वडिलांचे पक्षकार नसतात, आणि बार रूममध्ये बसायला खुर्ची नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक सीनिअरना ती झेपणारी नाही हेही खरे. पण ‘आधी शिका, पैशाचे नंतर बघू’ हे किती वर्षे म्हणायचे, यावर बारमध्ये उघड बोलणे व्हायला हवे. बाहेरगावाहून कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात रोज येणाऱ्या मुलीचा एसटीचा पास आणि दुपारचा डबा यांचा खर्च तरी सीनिअरने उचललाच पाहिजे.

ज्युनिअरांना पाहुण्यांची व्याख्याने कमी आणि हाताला काम जास्त हवे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून मोबाईलमधला व्हिडिओ, व्हॉट्सअॅपचे संदेश, कॉल रेकॉर्ड हे सगळे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रासह द्यावे लागते. त्याचा नमुना कायद्याच्याच परिशिष्टात आहे: भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. भाग अ भरून भाग ब कोरा सोडला जातो, नाहीतर हॅश व्हॅल्यूचा (फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या संकेतांकाचा) रकाना रिकामा राहतो, आणि उलटतपासाच्या वेळी सगळा पुरावा लटकतो. शनिवारी दोन तास बसून वीस जणांकडून तो नमुना खऱ्या पेनड्राइव्हसाठी भरून घेतला की विषय संपतो. ई-फायलिंगचेही तसेच. बार रूममध्ये एक स्कॅनर, एक संगणक आणि रोज दुपारी तासभर बसणारा एक जाणता ज्युनिअर एवढे असले तर साठीपुढच्या वकिलांची निम्मी चिंता मिटते. बहुतेक अडचणी किरकोळ असतात: पान उलटे स्कॅन झालेले, मजकूर वाचता येत नाही, सगळे कागद एकाच फाईलमध्ये आणि बुकमार्क नाहीत. ज्युनिअर आणि ज्येष्ठ एका टेबलाशी बसतात, हा त्यातला मोठा फायदा. वकिली शेवटी अशीच शिकली जाते.

पुराबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोल्हापुरात तो केव्हाही पुन्हा येऊ शकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका आणि शहरातल्या कितीतरी पेठांनी काय सोसले ते सगळ्यांनी पाहिले. त्या दिवसांत भाकरी, पाणी, चादरी घेऊन माणसे धावतात. कोल्हापूर त्यात कधी मागे नसते. वकिलांनीही ते करावे. पण वकिलांनाच करता येईल असे काम पाणी ओसरल्यावर सुरू होते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेला कोण पात्र, याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतले लोक, कामगार. आणि त्याच यादीत पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेला माणूसही आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे घर बुडालेला दुकानदारही मोफत वकील मागू शकतो. हे लोकांना माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ वकिलांनाही चटकन आठवत नाही. तालुका विधी सेवा समितीबरोबर निवारा केंद्रातच टेबल मांडले तर तिथल्या तिथे अर्ज भरता येतो. १५१०० ही हेल्पलाइन आहे, तो नंबर टेबलावर मोठ्या अक्षरात लावावा.

या टेबलावर येणारे प्रश्न ठरलेले असतात. कागद भिजले, वाहून गेले: सात-बारा आणि आठ-अ सरकारच्या महाभूमी पोर्टलवरून डिजिटल सहीचे मिळतात, खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, मात्र दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत नसेल तर आधी इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) शोधावा लागतो. दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी माणसे पाचशेचा स्टॅम्प शोधत हिंडतात. त्यांना थांबवणे ही त्या दिवशीची मोठी सेवा ठरते. पंचनाम्याचा प्रश्न त्याहून अवघड. घर मालकाच्या नावावर, संसार भाडेकरूचा. किंवा एका घरात तीन चुली आणि रेशन कार्ड एकच. पंचनाम्यात आपले नाव नसेल तर हरकतीचा लेखी अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्यायला सांगावे. तोंडी सांगितलेले पुढच्या आठवड्यात कोणाला आठवत नाही. दुकानदारांना पहिला सल्ला असा की भिजलेला माल फेकू नका. आधी फोटो, व्हिडिओ, विमा कंपनीला लेखी कळवणे, सर्वेअरची भेट, आणि मग साफसफाई. गाळाच्या वासाने आणि रोगराईच्या भीतीने लोक सगळे आधीच बाहेर टाकतात आणि क्लेम तिथेच कमजोर होतो. क्लेम नाकारला गेला तर विमा लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे. आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षे मिळतात, आणि दिलेला मोबदला, म्हणजे विम्यात भरलेला हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

चालू दाव्यांचेही बघावे लागते. रस्ते बंद, गावाला वेढा, आणि इकडे दावा गैरहजेरीत निकाली. तो पुन्हा बोर्डावर आणण्याच्या अर्जाला ३० दिवसांचीच मुदत असते. बारने त्या-त्या दिवशी कोणती गावे तुटली होती त्यांची यादी महसूल खात्याकडून घेऊन जिल्हा न्यायाधीशांना लेखी दिली, तर शेकडो स्वतंत्र अर्जांऐवजी एका कागदावर काम भागते. अध्यक्षाच्या शब्दाला वजन असते ते अशा वेळी वापरायचे.

शिबिराच्या फलकाबद्दल एक सूचना. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. फलकावर बारचे आणि विधी सेवा समितीचे नाव असावे, वकिलांचे फोटो आणि मोबाईल नंबर नसावेत. शिबिरात भेटलेल्या माणसाचे प्रकरण नंतर आपल्याच ऑफिसात ओढायचे नाही, हेही तितकेच पाळावे. नियम ४६ गरीब आणि पिडलेल्या माणसाला विनामूल्य मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानतो.

कळंबा कारागृहातले काम आता बरेचसे विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकिलांकडे आहे, पण बारने त्यातून अंग काढू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, इतरांनी निम्मा काळ काढला असेल तर सुटकेचा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे वगळून, आणि आरोपीवर आणखी प्रकरणे चालू नसतील तर. तारखांचा हिशेब कोणीतरी मांडावा लागतो. त्याहून वाईट वाटते ते जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांचे. जामीनदार नाही, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) नाही, गाव लांब. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितले आहे की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीन देता आला नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. अशा कैद्यांची यादी दर महिन्याला दोन ज्युनिअरांनी वाचावी. त्यांना खरी फौजदारी वकिली तिथेच शिकायला मिळेल.

लोकअदालतीत बार उत्साहाने असतोच. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. आकडा वाढवण्याच्या भरात पक्षकाराला न समजता सही झाली तर मात्र पुढे ती तडजोड मोडायला थेट रिटच करावे लागते. सहीआधी अटी मराठीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात, एवढे पुरे.

पैशाकडे वळू. बार ही नोंदणीकृत संस्था असेल आणि विश्वस्त कायद्याखालीही तिची नोंद असेल, तर निवडणुकीनंतर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. वकिलांच्याच संस्थांत हे राहून जाते. दोन-तीन कार्यकारिण्यांचे बदल अर्ज थकले की नोंदवहीत जुनेच पदाधिकारी दिसत राहतात, बँक सह्या बदलायला अडते, मदतनिधी जमा असूनही काढता येत नाही, आणि ऐन अडचणीत असलेल्या सभासदाला ‘थोडं थांबा’ म्हणावे लागते. निवडणूक निकालाच्या दिवशीच सेक्रेटरीने निकालपत्र, सभेचा ठराव, मावळत्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे एका फाईलमध्ये लावून अर्ज तयार करावा. मावळत्यांच्या सह्या त्या संध्याकाळी सहज मिळतात. महिन्याभराने त्यांच्या मागे फिरावे लागते. मदतनिधीचे खाते सहली, संमेलने आणि क्रिकेट स्पर्धेच्या खात्यापासून वेगळे ठेवावे, आणि त्याचे नियम लिहून ठेवावेत: कोणाला, कशासाठी, जास्तीत जास्त किती, कोण मंजूर करणार. नियम नसले की मदत ओळखीवर जाते.

निवडणुकीतल्या जेवणावळी आणि गट मी इथे सोडून देतो. त्यावर सगळेच बोलतात. मतदार यादीचे मात्र बघायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘एक बार, एक मत’ हे तत्त्व मान्य केले. एका सनदेवर जिल्ह्याच्या बारमध्ये एक आणि तालुक्याच्या बारमध्ये दुसरे मत देण्याची वहिवाट मोडायची असेल तर निवडणुकीआधी पुरेसा वेळ ठेवून प्रत्येकाकडून लेखी घोषणापत्र घ्यावे लागते. आणि महिलांच्या जागा. २ मे २०२४ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनमध्ये कार्यकारिणीच्या किमान एक तृतीयांश जागा आणि पदाधिकाऱ्यांतले एक पद महिलांसाठी राखले गेले. कोल्हापूरने, गडहिंग्लजने, इचलकरंजीने, जयसिंगपूरने आदेशाची वाट न बघता तसा ठराव करावा. ‘महिला प्रतिनिधी’ अशी एक खुर्ची ठेवून भागत नाही. खजिनदार आणि सेक्रेटरी या कामाच्या पदांवर स्त्रिया आल्या पाहिजेत. स्वच्छतागृह, लहान बाळ घेऊन येणाऱ्या वकिलासाठी खोली, संध्याकाळी उशिरा चालणाऱ्या कोर्टातून सुरक्षित परत जाण्याची सोय, हे विषय मग आपोआप पहिल्या पानावर येतील.

राहिला विषय कामबंदचा. खंडपीठासाठी कोल्हापूरच्या वकिलांनी कामकाजापासून अलिप्त राहून स्वतःची कमाई पणाला लावली, तो त्याग मी कमी लेखणार नाही. पण हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच सांगितले आहे की वकिलांना संपाचा हक्क नाही. बार किंवा बेंचच्या प्रतिष्ठेचा, स्वातंत्र्याचा प्रश्न असेल अशा अगदी विरळ प्रसंगी एक दिवसापुरतेच न्यायालय त्याकडे काणाडोळा करील, आणि त्याआधीही बारच्या अध्यक्षाने मुख्य न्यायमूर्तींशी किंवा जिल्हा न्यायाधीशांशी बोलले पाहिजे. ज्या दिवशी कोर्ट बंद त्या दिवशी भुदरगडच्या खेड्यातून आलेल्या बाईची पोटगीची तारीख जाते आणि कळंब्यातल्या एकाचा जामीन अर्ज पुढे जातो. शोकसभादेखील दुपारी कामकाज संपल्यावर घेता येते. गेलेल्या सहकाऱ्याचा मान त्याने कमी होत नाही.

वकिलांच्या खऱ्या तक्रारींसाठी दुसरी वाट खुली आहे. २० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना तक्रार निवारण समित्या नेमण्यास आणि जिल्हा पातळीवरही तशा समित्यांचा विचार करण्यास सांगितले. दाखल करण्यातल्या अडचणी, वकिलांना मिळणारी वागणूक, यादीतले घोळ, हे सगळे तिथे मांडता येते. तिथे तक्रार टिकते ती तपशिलावर. ‘अमुक कोर्टात फार त्रास होतो’ असे लिहिलेल्या निवेदनाचे काही होत नाही. तारीख, वेळ, कोर्ट क्रमांक, प्रकरण क्रमांक, नेमके काय घडले, कोण हजर होते, आणि वकिलाची काय मागणी आहे, असे रकाने आखलेले रजिस्टर बार रूममध्ये ठेवावे. तक्रार करणाऱ्या ज्युनिअरचे नाव सेक्रेटरीपुरतेच राहावे, कारण त्याला उद्या त्याच कोर्टात उभे राहायचे असते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अध्यक्ष आणि सेक्रेटरीने ते वाचावे, एकाच प्रकारच्या तीन-चार नोंदी दिसल्या तर त्यांचा एक अर्ज करावा, आणि जिल्हा न्यायाधीशांची वेळ मागून तो हातात द्यावा. पोच घ्यावी, आणि पुढच्या जनरल बॉडीत त्याचे काय झाले ते सांगावे.